तिसऱ्या सालची होळी

"एवढे काहून हासून राह्यले हे लोक?" बिजलीकाकीनं चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता विचारलं, आणि उज्ज्वलानं तिच्या नजरेमागं पडद्याकडे पाहिलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक अख्खा देश हसत होता. म्हातारे कोळी खांद्यावर जाळं टाकून हसत होते, शाळेतल्या मुली हसत होत्या, कॉफीच्या मळ्यातली एक बाई तर इतकी हसत होती, की तिला मागून कोणी गुदगुल्या करतंय असं वाटावं. फिल्म उज्ज्वलानंच लिहिली होती आणि आत्तापर्यंत तिला ती झकास वाटत होती. काकीनं कालच करून आणलेला नवा चष्मा नाकावर सारखा केला, वाकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही लपवून राह्यले वाटते." एवढं बोलून ती आत गेली. तिला लसूण सोलायचा होता, पिशवी भरायची होती आणि दुपारच्या एसटीनं दिग्रसला परतायचं होतं. एखाद्याच्या महिनाभराच्या कामावर पाणी ओतलं आहे याची तिला गंधवार्ताही नव्हती.

त्या देशाचं नाव कुठं बोलायचं नाही असं उज्ज्वलानं लिहून दिलेलं आहे, तेव्हा आपणही विचारू नये. समुद्रकाठचा लहानसा देश. काही वर्षांपूर्वी तो शेजारच्या देशात घुसला, तिथली गावं जाळली, माणसं हाकलली, आणि जगानं डोळे वटारल्यावर माघारी फिरला. लढाई थांबली, पण नाव गेलं ते गेलंच. त्यांची कॉफी कोणी उचलेना, त्यांच्या मुलांना बाहेरची कॉलेजं घेईनात, त्यांचा फुटबॉलचा संघ मैदानात उतरला की प्रेक्षक उठून पाठ फिरवून उभे राहत. असं गेलेलं नाव परत आणून देण्याचा धंदा जगात असतो आणि त्या धंद्यातलं अर्धं डोकं यवतमाळात आपल्याच माडीवर भाड्यानं राहतं, हे घरमालकीण शुभदाताईंना अजून पटलेलं नाही. त्या ओट्यावरून हाक मारतात, "काय गं, आज कोणत्या देशाला इस्त्री?" उज्ज्वला हसते. इस्त्री हा शब्द तिला मनातून आवडायचाही. कपडा त्याचाच, सुरकुत्या तेवढ्या आपण काढायच्या. आज मात्र पडद्यावरच्या त्या बाईचं हसू पाहता पाहता तिला वाटलं, काकी म्हणते ते खरं आहे, या इस्त्रीखाली डाग आहे आणि तो सगळ्यांना दिसतो आहे.

तासाभरानं त्या देशाचे मंत्री स्वतः पडद्यावर येणार होते. एजन्सीचा मालक अभिषेक यवतमाळच्याच वकिलांच्या घरातला, आता पुण्यात राहणारा. त्यानं पहिल्यांदाच तिला एकटीनं बोलायला सांगितलं होतं. मंत्र्यांनी मान डोलावली, तर भागीदार म्हणून दारावर तिचं नाव लागणार होतं. नाही डोलावली, तर तो देश दुसऱ्या एजन्सीकडे जाणार होता आणि उज्ज्वला राठोड पुन्हा बिस्किटांच्या जाहिराती लिहिणार होती. पण खरं सांगायचं तर तिला सकाळपासून जो उमाळा येत होता तो या नावाच्या पाटीचा नव्हता. दिग्रसजवळच्या तांड्यातली, कापसाच्या गाडीवर बसून शाळेत गेलेली एक मुलगी एका देशाला त्याची अब्रू परत मिळवून देणार, या विचारानंच तिच्या तळपायाला मुंग्या येत होत्या. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. कुणाच्या तरी परसातला पळस भिंतीवरून वर आला होता आणि लालभडक फुलला होता. होळी जवळ आली, असं तिला वाटलं, आणि ती जागच्या जागी थांबली.

कारण नाव जाणं म्हणजे काय हे तिला पुस्तकात वाचावं लागलेलं नव्हतं. तिच्या तांड्याचं नाव गेलं होतं, ती जन्मायच्या थोडं आधी. नाल्यापलीकडे पवारांचा तांडा होता. पाण्यावरून भांडण लागलं, आणि एका पहाटे राठोडांच्या तांड्यातली तरणी माणसं नाला ओलांडून गेली. कडब्याच्या गंजी पेटवल्या, घरांवरचं गवत पेटवलं, आणि दगडफेकीत इंद्रजित पवार नावाच्या पोराचा डोळा गेला. काहीजण तुरुंगात जाऊन आले. पण तुरुंगातून माणूस सुटतो, तांडा सुटत नाही. राठोडांच्या त्या तांड्यात कोणी मुलगी देईना. सोयरिकीचं बोलणं घेऊन गेलेला माणूस होकाराचा गुळाचा खडा न मिळता परत यायचा. दिग्रसच्या बाजारात "तो तांडा" एवढंच म्हणायचे, आणि सगळ्यांना कळायचं. आजोबा, म्हणजे तांड्याचे नायक देवसिंग, ज्यांना ती दादा म्हणायची, ते म्हणत, आपले वाडवडील बैलांवर धान्य लादून दोन फौजांच्या मधून चालत जात, आणि दोन्हीकडचे त्यांना वाट देत, कारण लमाणाचा शब्द मोडत नाही असं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आता आपल्या दारात कोणी पाणी पीत नाही. हे सांगताना दादांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. लहानपणी उज्ज्वलाला तेव्हा त्यांच्या मिशीला हात लावावासा वाटायचा.

आणि मग ती होळी. ती आठवली की आजही तिच्या अंगावर काटा येतो, आनंदाचा. तांड्यात होळीला ज्या घरी मुलगा झालेला असतो त्या घरापुढं खुंटा रोवतात, त्याला पुऱ्यांचं भांडं बांधतात. बायका ओल्या काठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात, त्यांना गेरणी म्हणतात, आणि पुरुषांनी मार चुकवत ते भांडं पळवायचं असतं. पुरुष अंगाला घोंगड्या गुंडाळतात, हातात काठी धरून वार अडवतात, सगळा हसण्याखिदळण्याचा मामला. त्या वर्षी मात्र दादांनी गेरणी म्हणून पवारांच्या तांड्यातल्या बायकांना बोलावलं. जळालेल्या घरांतल्या बायकांना. आणि आपल्या माणसांना बजावलं, घोंगडी नाही, काठी नाही, चुकवायचं नाही. स्वतः सगळ्यात पुढं उभे राहिले. काठ्यांचे आवाज उज्ज्वलाच्या कानात अजून आहेत, सपासप, सपासप, आणि धूळ, आणि पळसाच्या रंगाचा वास, आणि आपल्या मांडीवर दादांची लाल पगडी, ऊबदार, जड, घामानं थोडी ओली. दादांनी ती डोक्यावरून काढून तिच्याकडे दिली होती. ती रडत होती आणि पगडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्यानंतर तांड्याचं नाव परत आलं. पवारांच्या तांड्यानं आपली पोरगी या तांड्यात दिली, इंद्रजितची सख्खी बहीण. तीच ही बिजलीकाकी, उत्तमसिंगकाकाची बायको, आई गेल्यावर उज्ज्वलाला वाढवणारी, आत्ता आत बसून लसूण सोलणारी.

म्हणजे उत्तर घरातच होतं. उज्ज्वलाला एकदम एवढा आनंद झाला, की तिनं टेबलावर थाप मारली आणि चहा बशीत सांडला. हसरे चेहरे कशाला? एक दिवस ठरवा. शेजारच्या देशातल्या, ज्यांची घरं जाळली त्या लोकांना बोलवा, आणि त्यांच्यापुढं हात खाली सोडून उभे राहा. एकच दिवस, पण असा की जग डोळ्यांची पापणी न हलवता पाहील. तिच्या डोक्यात लगेच चित्रं धावायला लागली: मोठं मैदान, वारा, कोणी बोलत नाही, कॅमेरे दूर. महिनाभर जे सुचत नव्हतं ते दारात येऊन उभं राहिलं होतं. तिनं अभिषेकला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

अभिषेकनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उज्ज्वला, अगं वेडी आहेस का? मीटिंग तोंडावर आहे. समुद्र, कॉफी, हसरे चेहरे, विषय संपला. आणि एक लक्षात ठेव, हे मंत्री लढाईत होते. मोठे अधिकारी होते ते. त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"होते, म्हणूनच तर," ती म्हणाली.

"म्हणूनच तर काय?"

"म्हणूनच सांगायला हवं."

"हे बघ, तू बोलणार आहेस, मी मध्ये पडणार नाही. पण पडलीस तर आपण दोघंही पडू." त्यानं फोन ठेवला. तिला त्याचा राग आला नाही. उलट 'मी मध्ये पडणार नाही' एवढंच तिला ऐकू आलं होतं.

बोलण्याआधी एक बारीकशी गोष्ट विचारून घ्यावी म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. काकी फरशीवर पाय पसरून बसली होती आणि लसणाच्या पाकळ्या नव्या चष्म्यातून अशा पाहत होती, की जणू आजवर कोणीतरी तिच्यापासून त्या दडवून ठेवल्या होत्या.

"काकी, थे होळी सांग ना. तुम्ही आमच्या माणसायले मारलं थे."

"कोणती?"

"कोणती म्हणजे? एकच तं हाय."

काकीनं मान वर केली. "एक? तीन साल आलो आम्ही, बाई. तीन होळ्या."

उज्ज्वला दाराच्या चौकटीला टेकली. काकी हातातली पाकळी सोलत निवांत बोलत राहिली, भाजीचा भाव सांगावा तसं. "पह्यल्या साली म्या असं मारलं, असं मारलं, का माह्याच हाताले फोड आले. तुह्या काकाले. थो बरोब्बर माह्या पुढं उभा होता. घरी गेली तं इंद्रजित म्हणे, झालं समाधान? म्या म्हटलं, कायचं समाधान? मारून काय होते? एक दिवसाचं काम. पोटातली आग तशीच होती. आमच्या तांड्यात सगळे म्हणे, हे नाटक हाय, यायले पोरी पायजे म्हणून मार खाऊन राह्यले. दुसऱ्या साली देवसिंग नायकाचं पुन्हा बोलावणं. आमाले वाटलं, हे पागल झाले का? गेलो. पुन्हा मारलं. पह्यल्या साली तुह्या काकानं डोळे मिटले होते. दुसऱ्या साली नाही मिटले. माह्याकडे पाह्यत उभा."

"आणि तिसऱ्या साली?"

"तिसऱ्या साली पुन्हा तोच, पुन्हा तिथंच. मले हसूच आलं." काकी आत्ताही हसली, आणि तिच्या सुरकुतलेल्या गालावर एक पोरसवदा लाज येऊन गेली. "हात उचलेच ना. कोणाचाच नाही उचलला. मग रीत मोडू नाही म्हणून आम्ही जमिनीवर काठ्या आपटल्या. सपासप. तू मांडीवर पगडी घेऊन रडून राह्यली होती."

"म्हणजे मी होती थे तिसऱ्या साली?"

"मंग? पह्यल्या साली तू आपल्या मायच्या कडेवर होती. तुले काय आठवणार?"

"पण तांड्यात तं सगळे एकच होळी सांगतात."

"तुह्या तांड्याले सोपं हाय एकच सांगणं," काकी म्हणाली, आणि यात राग नव्हता, फक्त माहिती होती. "आमच्या तांड्यात इचार. तिथं तीन सांगतात."

उज्ज्वला परत येऊन खुर्चीत बसली. एवढी वर्षं ज्या आवाजानं तिच्या अंगावर काटा यायचा, तो माराचा आवाज नव्हताच. ती धूळ काठ्या जमिनीवर आपटल्याची होती. तिला जो शेवट दिसला होता त्यालाच ती सगळी गोष्ट समजून बसली होती, आणि एकटी तीच नाही, तिचा अख्खा तांडा. मार खाल्ला ती वर्षं त्यांनी सांगताना गाळली, जसा आपण आजारपणाचा महिना गाळतो, आणि माफीचं तेवढं जपून ठेवलं. आणि आत्ताच ती एका देशाला हेच विकायला निघाली होती, एका दिवसात मिळणारी माफी, लांब ठेवलेल्या कॅमेऱ्यांसकट. तिला शरम वाटली. पण गंमत अशी, की शरमेच्या पोटात तो आनंद मघापेक्षाही जोरानं उसळत होता, कारण आता तिला खरं काय ते कळलं होतं. दादांचं मोठेपण मार खाण्यात नव्हतंच. मार कोणीही खाईल. त्यांनी दुसऱ्या वर्षी बोलावलं. पहिल्या वर्षी काही मिळालं नाही, कोणी गूळ दिला नाही, कोणी पोरगी दिली नाही, नाटकं करतात म्हणून हिणवलं, आणि तरी त्यांनी दुसऱ्या वर्षी बोलावणं धाडलं. आणि थांबायचं कधी हे त्यांनी ठरवलं नाही. ते बिजली पवारच्या हातानं ठरवलं.

पडद्यावर माणसं आली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधोमध मंत्री, सत्तरीचे, ताठ बसलेले, कानात दुभाष्याचं यंत्र. त्यांच्या बाजूला एक तरुण सचिव, आणि टोकाला दुभाषी बाई, करड्या केसांची, उज्ज्वलाच्या इंग्रजीचं त्यांच्या भाषेत भाषांतर करणारी, आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा सपाट. एका कोपऱ्यात पुण्याचा अभिषेक, हाताची घडी घातलेला. उज्ज्वलानं माइक सुरू केला. तिनं फिल्म लावली नाही. ती म्हणाली, "मी तुम्हाला माझ्या तांड्याची गोष्ट सांगते," आणि सांगितली. नाला, गंजी, इंद्रजितचा डोळा, खुंटा, दादांनी उतरवलेली पगडी, काठ्या, एक साल, दुसरं साल, तिसरं साल. अभिषेकनं कपाळावर हात नेला तो तिनं पाहिला आणि पाहिलं नाही असं केलं. बोलता बोलता तिला जाणवलं, की ती आयुष्यात पहिल्यांदाच ही गोष्ट तीन वर्षांची करून सांगत होती.

सचिवानं पेन उघडलं. "म्हणजे तीन वर्षांचा कार्यक्रम. यानंतर निकाल नक्की दिसेल?"

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "तीन हा आकडा आमचा. तुमचा दहा असेल. कधी संपलं ते तुम्ही ठरवायचं नसतं. ज्यांच्या हातात काठी आहे ते ठरवतात. तुम्ही फक्त पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचं."

दुभाषी बाई बोलायला लागली आणि थांबली. ती घोटभर पाणी प्यायली. मग पुन्हा सुरुवात केली, आणि उज्ज्वला चार वाक्यं बोलली होती, पण ती कितीतरी वेळ बोलत राहिली, आणि तिचा आवाज आता घोषणेसारखा नव्हता. तिनं स्वतःचं काय घातलं त्यात, तिचं कोण होतं नाल्यापलीकडे, हे उज्ज्वलाला कधीच कळणार नव्हतं. सचिव तिच्याकडे वळून पाहायला लागला. मंत्र्यांनी त्याला हातानंच थांबवलं आणि ते पहिल्यांदा बोलले.

"ते विचारताहेत," दुभाषी म्हणाली, "तुमचे आजोबा पुढं उभे राहिले, तेव्हा त्यांनी पगडी कोणाकडे दिली?"

"माझ्याकडे. पण ते तिसऱ्या वर्षी."

"आणि पहिल्या वर्षी?"

उज्ज्वलाला ठाऊक नव्हतं. आत्तापर्यंत हा प्रश्न पडावा एवढंही तिला ठाऊक नव्हतं. दारात काकी उभी होती, खांद्याला पिशवी अडकवून, एसटीच्या वेळेसाठी खोळंबलेली. उज्ज्वलानं खुर्चीतूनच मान वळवली. "काकी, पह्यल्या साली दादानं पगडी कोणापाशी देल्ली होती?"

"माह्यापाशी," काकी म्हणाली.

"तुह्यापाशी? तू तं मारणार होती."

"म्हणूनच असन. नायक सीधा माह्यापाशी आला, पगडी काढली आन् हातात देल्ली. आता एका हातात काठी अन् एका हातात पगडी. काय करू? मारलं एकाच हातानं." तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पण खाली नाही ठेवली म्या. नायकाची पगडी, थे मातीत कशी ठेवू?"

उज्ज्वलानं ते सांगितलं. इंग्रजीत, पण काकीच्याच शब्दांत. दुभाषी बाईनं या वेळी एक शब्दही जास्त घातला नाही. सचिवानं पेन मिटलं. अभिषेकनं हाताची घडी केव्हाच सोडली होती. मंत्र्यांनी स्वतःच्या दोन तळव्यांकडे पाहिलं, आणि मग ते अगदी हळू, वर न बघता, काहीतरी म्हणाले.

"ते म्हणतात, आमच्याकडे पगडी नसते," दुभाषी म्हणाली. "त्यांच्याकडे एक टोपी आहे. लष्करातली. ती चालेल का, असं त्या बाईंना विचारा."

उज्ज्वलानं विचारलं. काकीनं चष्मा सारखा केला आणि पडद्यावरच्या त्या ताठ म्हाताऱ्याला, जो आता तेवढा ताठ नव्हता, नीट न्याहाळून पाहिलं.

"चालते म्हण," ती म्हणाली. "पण हातात द्या लागते. टेबलावर ठेवून नाही जमत."